सगळं पॅकेजमध्ये भरलंय, मग टिप कशाला?

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही कळेल. अमेरिकेतल्या एडिसनहून तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूसासरे असे सहा जण डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पुंता कानाला सहा रात्रींसाठी चालला आहात. खाणंपिणं धरून पॅकेजचे 6,800 डॉलर भरून झालेत. आता हॉटेल म्हणतंय, आणखी 240 डॉलर भरा, दोन्ही खोल्या समुद्राकडच्या देतो. मिस्टरांना ते पटलंय, पण टिपसाठी वेगळे पैसे न्यायला त्यांचा विरोध आहे. तुमची मैत्रीण मात्र 400 डॉलर तरी जवळ ठेवा म्हणते. आणि कार्डावर 2,400 डॉलरची बाकी आहे, 24 टक्के व्याजाने.

माझं मत सांगतो. खोल्या बागेकडच्याच राहू द्या. 200 डॉलर टिपसाठी न्या आणि उरलेले 40 कार्डावर भरून टाका.

मिस्टरांचं म्हणणं कागदोपत्री चूक नाही. डोमिनिकन कामगार कायद्याच्या 228व्या कलमानुसार हॉटेलं आणि रेस्टॉरंटं बिलावर 10 टक्के सेवाशुल्क लावतात आणि ते कामगारांत वाटायचं असतं. पॅकेजच्या किमतीत ते धरलेलं असतं. त्यामुळे टिप दिली नाही म्हणून कोणी अडवणार नाही, जेवणही मिळेल, खोलीही झाडली जाईल. अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराचं संघराज्याचं किमान वेतन 1991पासून तासाला 2.13 डॉलरवर अडकलंय, म्हणून 18-20 टक्के सोडणं आपल्या अंगवळणी पडलंय. तो हिशेब पुंता कानाला लावायचा नाही. 400 डॉलर मला जास्त वाटतात ते त्यामुळेच.

पण शून्यही बरोबर नाही. कायद्याचा तो वाटा सगळ्यांत विभागला जातो आणि हातात पडणारा पगार तुटपुंजाच असतो. एक डॉलर म्हणजे साधारण 60 पेसो. खोली झाडणाऱ्या बाईसाठी तुम्ही उशीवर ठेवलेल्या तीन डॉलरचे 180 पेसो होतात, आणि तेवढ्याने तिच्या घरच्या वाणसामानाला हातभार लागतो. तुमच्या बजेटमध्ये ती रक्कम दिसतसुद्धा नाही. पैशाचं मोल दोन्हीकडे इतकं वेगळं असताना हात आखडता घेणं मला तरी पटत नाही.

200चा हिशेब असा. दोन खोल्या, रोज प्रत्येकी तीन डॉलर, सहा दिवसांचे 36. नाश्ता आणि दुपारच्या बुफेला टेबल आवरणाऱ्याला दोन-दोन डॉलर, म्हणजे 24. रात्री बसून जेवाल तिथे पाच, एकूण 30. बार आणि पोहण्याच्या तलावाकाठी रोज तीन, म्हणजे 18. विमानतळाची गाडी आणि बॅगा उचलणारे, जातायेता मिळून 20. साओना बेटाच्या सहलीत बोटीवरच्या मंडळींना 15. हे झाले 143.

आता ज्या माणसाचा विचार तुमच्या पत्रात नव्हता त्याच्याबद्दल, म्हणजे बुफेच्या आचाऱ्याबद्दल. सासूबाई अंडंही खात नाहीत असं तुम्ही लिहिलंय. तिथलं रोजचं जेवण म्हणजे भात, राजम्यासारख्या कडधान्याची उसळ आणि मटण-चिकन, आणि उसळीतही कधी मांसाचा तुकडा पडलेला असतो. पहिल्याच दिवशी बुफेवरच्या मुख्य आचाऱ्याला भेटा, शांतपणे समजावून सांगा आणि दहा डॉलर हातात द्या. तो वेगळ्या तव्यावर भाज्या परतून देईल, भात बाजूला काढून ठेवेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी दहा द्या. सहा दिवस सासूबाई नुसत्या ब्रेड आणि फळांवर राहिल्या तर समुद्र दिसणाऱ्या खोलीचा काय उपयोग? या 20सह एकूण 163 झाले. उरलेले 37 वेळ पडली तर असू द्यात.

नोटा इथूनच न्या. बँकेतून एक-एक डॉलरच्या 100 नोटांची गड्डी आणि पाचच्या 20 नोटा मागा. नाणी अजिबात नकोत. काही वर्षांपूर्वी आम्ही तिथल्या एका हॉटेलात उतरलो होतो. खोली झाडणारी बाई दारात आली, रुमालात बांधलेली पंचवीस सेंटची नाणी तिने माझ्या बायकोसमोर पसरली आणि खुणेनेच नोटा मागितल्या. तिथल्या बँका अमेरिकन नाणी बदलून देत नाहीत. पाहुण्यांनी तिला जे दिलं ते तिच्यासाठी नुसतं लोखंड होतं. आम्ही अकरा डॉलरच्या नोटा दिल्या आणि नाणी घेतली. तिने रुमाल झटकून घडी घातली ते अजून डोळ्यांसमोर आहे. फाटक्या, चुरगळलेल्या नोटाही म्हणूनच देऊ नका.

पैसे रोजच्या रोज द्या. शेवटच्या दिवशी गठ्ठा ठेवलात तर त्या दिवशी खोलीवर दुसरीच बाई असायची. सोबत चिठ्ठीवर "ग्रासियास", म्हणजे स्पॅनिशमध्ये धन्यवाद, असं लिहा. नुसते पैसे पडलेले दिसले तर चोरीचा आळ येईल या भीतीने त्या हात लावत नाहीत. लिहायचं काम मुलांना द्या, आवडीने करतील.

हॉटेलबाहेर जेवलात तर बिल नीट वाचा. 18 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क वरून लागलं तर 100चे 128 होतात. त्यावर पुन्हा 20 टक्के सोडायची गरज नाही, पोऱ्याने मनापासून केलं असेल तर दोन-तीन डॉलर पुरे. आणि हा हिशेब पुंता कानापुरताच. पुढे कधी जमैकात सँडल्स या साखळीच्या रिसॉर्टला गेलात तर तिथे टिप देऊ नये असाच नियम आहे, बटलरसारखे थोडे अपवाद सोडून. बार्बाडोसमध्ये बिलात 10 ते 15 टक्के सेवाशुल्क आधीच असतं.

समुद्राकडच्या खोलीबद्दल मिस्टरांना एवढंच विचारा, की सहा दिवसांत आपण जागेपणी खोलीत किती तास असणार? किनारा चालत पाच मिनिटांवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. आणि ते 240 कार्डावरच जाणार असतील तर वर्षभर बाकी ठेवल्यास त्यावर जवळजवळ 58 डॉलर व्याज जाईल. टिपचे 200 मात्र कार्डावरून काढू नका. निघायला दहा आठवडे आहेत, दर आठवड्याला 20 डॉलर पाकिटात वेगळे ठेवत चला. या शुक्रवारपासून सुरू करा.