सायनसमधल्या बुरशीमुळे अर्धांगवायू होतो का?

कळव्यातल्या तुमच्या मधुमेही काकांना आधी सायनसची बुरशी, मग डावी बाजू लुळी. दोन्हींचा संबंध आहे का, असं विचारलंय. दाट शक्यता आहे. २०२१ मध्ये ठाण्यात सगळ्यांच्या तोंडी झालेली म्युकर बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीतच घुसते. नाकामागच्या स्फेनॉइड सायनसला खेटून, कवटीच्या तळाशी, मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी असते. उजव्या धमनीत गुठळी झाली की डावं अंग जातं. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीमुळे धमनीला फुगाही येतो. तो फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव.

एमआरआयसोबत धमन्यांची अँजिओग्राफी झाली का, विचारा. बायोप्सीचा (तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट तर मागाच, कारण बुरशी कोणती त्यावर औषध ठरतं. अ‍ॅस्परजिलसवरचं औषध व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही, तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. शिवाय सडलेला भाग काढणं आणि साखर ताब्यात ठेवणं आलंच.