संगणक शंका-समाधान : ‘आर’मधून पायथन चालवताना

प्रश्न : मी रत्नागिरीत मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आहे. मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदींचा भरती-ओहोटीशी काही संबंध लागतो का, हे मला पाहायचे आहे. आमच्याकडील सारे काम ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत चालते, भरतीच्या विश्लेषणासाठी मात्र पायथन या दुसऱ्या संगणकभाषेतील ‘यूटाइड’ हे पॅकेज हवे असल्याने ‘रेटिक्युलेट’ या पॅकेजमार्फत मी ‘आर’मधूनच पायथन चालवू पाहतो. कमांड प्रॉम्प्टवर ‘पिप’ने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) यूटाइड बसल्याचा संदेश येतो, पण ‘आर’ असे मॉड्यूलच नाही म्हणते. ‘यूज_पायथन’ने मार्ग दिला, तर दुसरे पायथन आधीच सुरू असल्याचे उत्तर मिळते. मित्राच्या लॅपटॉपवर हाच प्रोग्रॅम चालला. परंतु तेथे भरतीच्या वेळा चुकीच्या आल्या आणि बोटींच्या संख्येच्या रकान्यात काही ओळींवर -2147483648 असा आकडा उमटला. पायथन काढून पुन्हा टाकावे काय?

उत्तर : काढू नये, आणि पुन्हा टाकू तर मुळीच नये, त्याने आपल्या संगणकावर आणखी एका पायथनची भर तेवढी पडेल. विंडोजच्या संगणकावर अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेले एक, अ‍ॅनाकोंडाबरोबर आलेले दुसरे आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून नकळत बसलेले तिसरे, अशी दोन-तीन पायथन सहज नांदत असतात. कमांड प्रॉम्प्टवरचे पिप यांपैकी एकाच्या संग्रहात यूटाइड ठेवते आणि ‘आर’ दुसऱ्याच्या संग्रहात ते शोधते. त्यात रेटिक्युलेटच्या 2025 मधील 1.41 या आवृत्तीपासून आणखी एक बदल झाला आहे. कोणते पायथन वापरायचे हे आपण सांगितले नाही, तर ते ‘यूव्ही’ या साधनाच्या मदतीने स्वतःच एक तात्पुरते वातावरण, म्हणजे पायथन आणि पॅकेजांचा वेगळा संच, उभे करू शकते, आणि त्यात आपण पिपने बसवलेले काहीच नसते. म्हणून काहीही नव्याने बसवण्याआधी ‘आर’ने नेमके कोणते पायथन उचलले आहे, हे पाहावे.

त्यासाठी ‘पाय_कॉन्फिग’ हे फंक्शन आहे. ते पायथनचा पूर्ण मार्ग, आवृत्ती आणि आकडेमोडीच्या ‘नमपाय’ या पायथन पॅकेजचे ठिकाण दाखवते. मात्र हे फंक्शन नुसते पाहून सांगत नाही, तर सांगण्यासाठी पायथन सुरूही करते. आणि ‘आर’च्या एका सत्रात एकदा सुरू झालेले पायथन बदलता येत नाही, कारण ते वेगळा प्रोग्रॅम म्हणून न चालता ‘आर’च्याच प्रक्रियेत येऊन बसते. आपल्याला मिळालेल्या दुसऱ्या संदेशाचा अर्थ एवढाच आहे. ‘आर’ लिहिण्या-चालवण्याच्या आर-स्टुडिओमध्ये पायथनचा एखादा तुकडा आधी चालवला गेला असला, तरी हेच घडते. तेव्हा मार्ग पाहावा, टिपून ठेवावा, कंट्रोल-शिफ्ट-एफ10 दाबून ‘आर’ पुन्हा सुरू करावे आणि रेटिक्युलेट लोड केल्यानंतरच्या पहिल्याच ओळीत ‘यूज_पायथन’ किंवा, आभासी वातावरण (एका कामापुरता पायथनचा स्वतंत्र संच) केले असल्यास, ‘यूज_व्हर्च्युअलएन्व्ह’ लिहावे. कायमची सोय हवी असेल, तर ‘रेटिक्युलेट_पायथन’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅम वाचतात अशा संगणकावरील नोंदीत) हा मार्ग नोंदवावा. रेटिक्युलेट सर्वप्रथम त्याचेच ऐकते. हा मार्ग लिहिताना विंडोजची उलटी तिरकी रेघ तशीच ठेवल्यास ‘आर’ तिच्यापुढील अक्षराला विशेष चिन्ह समजते आणि ‘यूझर्स’ या फोल्डरच्या नावापाशीच अडखळते. म्हणून मार्गात सरळ तिरकी रेघ वापरावी.

यूटाइड बसवतानाही नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ज्या पायथनला ते हवे आहे त्याचा पूर्ण मार्ग, त्यापुढे ‘-एम पिप इन्स्टॉल यूटाइड’ असे लिहावे. मग कोणाच्या संग्रहात काय गेले याचा संशय उरत नाही. माझे मत असे की, प्रबंधाच्या कामासाठी एक स्वतंत्र आभासी वातावरण करून तेच शेवटपर्यंत वापरावे. यूव्हीचे तात्पुरते वातावरण सोयीचे असले, तरी पॅकेजे पहिल्यांदा उतरवताना त्याला इंटरनेट लागते, आणि जुलैतल्या पावसात आपल्याकडे ते कधी असते, कधी नसते, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता वेळांकडे वळू. माझ्या मते ही तक्रार सर्वांत गंभीर आहे, कारण येथे प्रोग्रॅम कोणतीही चूक दाखवत नाही. ‘आर’ प्रत्येक वेळ 1970 च्या आरंभापासूनचे, जागतिक प्रमाणवेळेतील सेकंद म्हणून साठवते आणि आपल्याला दाखवताना तेवढी भारतीय वेळ दाखवते. नमपायच्या तारीख-वेळेच्या प्रकाराला मात्र वेळ-विभाग ठेवताच येत नाही, त्यामुळे पलीकडे जागतिक वेळच दिसते. क्षण तोच राहतो. घड्याळ साडेपाच तास मागे जाते. सकाळी 9 वाजून 10 मिनिटांची भरती 3 वाजून 40 मिनिटांची दिसू लागते. कोकण किनाऱ्यावर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे, म्हणजे भरती आणि ओहोटीत सव्वासहा तासांच्या आतबाहेरचे अंतर असते. त्यामुळे ज्या वेळेला आपले कोष्टक भरती दाखवते, त्या वेळेला मांडवीच्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात ओहोटी संपून पाणी नुकते चढू लागलेले असते. एवढी चूक झाली, तर मासळीशी लावलेला संबंध चक्क उलटा निघेल.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे भारतीय वेळच जागतिक म्हणून पुढे ढकलणे, तो टाळावा. भरती अनेक घटकलहरी मिळून बनते, आणि यूटाइड प्रत्येक घटकलहरीची कला, म्हणजे ती आपल्या चक्रात कोठे आहे हे सांगणारा कोन, ग्रिनिचच्या संदर्भाने देते. चंद्रामुळे निर्माण होणारी मुख्य लहर, जिला एम2 म्हणतात, ती तासाला 28.98 अंश पुढे सरकते, म्हणजे साडेपाच तासांच्या गल्लतीने तिच्या कलेत सुमारे 159 अंशांचा फरक पडेल, आणि प्रकाशित आकड्यांशी आपले आकडे कधीच जुळणार नाहीत. ‘आर’मध्ये वेळा वाचतानाच ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग स्पष्ट लिहावा, पायथनमधील सारे गणित जागतिक वेळेत होऊ द्यावे आणि निकाल परत आल्यावर फक्त दाखवण्यापुरती भारतीय वेळ लावावी. पडताळा म्हणून एखाद्या दिवसाची भरती छापील तक्त्याशी ताडून पाहिल्यास गल्लत लगेच उघडी पडते.

बोटींच्या रकान्यातील आकड्याचे गूढ त्यामानाने साधे आहे. ‘आर’मधील पूर्णांकांच्या रकान्यात ‘नोंद नाही’ याची खूण म्हणून 32 बिटांत मावणारी सर्वांत लहान संख्या राखून ठेवलेली असते, आणि ती म्हणजे हीच. पलीकडे ही खूण कोणी ओळखली नाही, की ती खरीखुरी संख्या ठरते. त्या ओळी 1 जून ते 31 जुलै या मासेमारी-बंदीच्या काळातल्या निघतील, असा माझा अंदाज आहे. आपण तेथे रकाना रिकामा सोडला असणार. पायथनकडे देण्यापूर्वी तो रकाना ‘अ‍ॅज.न्यूमेरिक’ने दशांश प्रकारात बदलला, की रिकाम्या जागा तिकडे ‘नॅन’ (‘संख्या नाही’ ही खूण) म्हणून पोहोचतात. बंदीच्या दिवसांत शून्य लिहावे की जागा रिकामी ठेवावी, हा प्रश्न संगणकाचा नाही. तो आपल्या मार्गदर्शकांना विचारावा.

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. वाशीला दलालांकडे गेलेल्या पेट्यांचा हिशेब मी विंडोजवर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ठेवतो. मुलाने पायथनमध्ये एक मॅक्रो (कॅल्कमधून चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून दिला, पण त्याला लागणारे, तक्त्यांच्या हिशेबाचे ‘पांडाज’ हे पायथन पॅकेज ‘सापडत नाही’ असा संदेश येतो. पांडाज संगणकावर आहे.

उत्तर : पांडाज संगणकावर असेल, लिब्रेऑफिसपाशी नाही. विंडोजवर लिब्रेऑफिस स्वतःचे पायथन आपल्या ‘प्रोग्रॅम’ फोल्डरमध्ये बरोबर आणते आणि मॅक्रो त्यावरच चालवते. आपण वेगळे बसवलेले पायथन त्याला ठाऊकही नसते. त्या अंतर्गत पायथनमध्ये पिप सहसा नसते. ते खटपट करून बसवता येते, पण लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती टाकली की ती खटपट पुन्हा करावी लागण्याची शक्यता असते, म्हणून ऐन हंगामात त्या वाटेला जाऊ नये. पांडाज टाळून साध्या पायथनमध्ये मॅक्रो लिहिला तर तो कोठेही चालेल. मुलाला बेरजेसाठी एक डिक्शनरी (नाव आणि आकडा अशा जोड्या ठेवणारा पायथनचा प्रकार) पुरेल. नुसते दलालनिहाय आणि प्रतवारीनिहाय पेट्यांचे एकूण हवे असेल, तर कॅल्कमधील पायव्होट टेबल ते विनामॅक्रो देते.