आईचे गुडघे झिजलेत, आधी दुर्बिणीने साफ करून घ्यावेत की थेट बदलावेत?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ६१, दोन्ही गुडघ्यांची गादी झिजलीय आणि डॉक्टर म्हणतात आधी दुर्बिणीने साफ करू, नाही फरक पडला तर बदलू. मी डॉक्टर नाही, पण परभणी जिल्ह्यातला आहे, माझ्या मायचा सगळा जन्म खुरपण्यात आन कापूस वेचण्यात गेला आणि आम्ही हे सगळं भोगून बसलोय म्हणून कळकळीने सांगतो, नुसत्या झिजेसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन करू नका. गुडघा मधेच अडकून बसत असेल, सरळच होत नसेल, तर ती गोष्ट वेगळी.

आम्ही शहरातल्या एका दवाखान्यात तेच केलं, चाळीस हजार गेले, महिना-दीड महिना बरं वाटलं आणि दिवाळीत फराळाला बसली तर उठता येईना. नंतर फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं की अमेरिकेत ह्यूस्टनला यावर अभ्यास झालेला आहे, २००२ साली छापून आलाय. १८० पेशंट होते, काहींचा गुडघा खरंच साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींना फक्त वरवर तीन चिरे दिले, आत काहीच नाही केलं, पण डॉक्टर हत्यारं मागत होते, पाणी उडवल्याचा आवाज करत होते म्हणजे पेशंटला कळू नये. दोन वर्षं बघितलं तर तिन्ही गटांचं दुखणं सारखंच! हे ऐकून मला रात्रभर झोप नाही आली, कारण तो पैसा कापसाचा होता.

कारण सरळ आहे बघा, त्या गादीला रक्तपुरवठाच नसतो, ती झिजली की परत भरून येत नाही, मग आत धुवून नवी कुठून येणार? स्टिरॉइडच्या इंजेक्शनचंही जपून, थोडे दिवस आराम पडतो, पण २०१७ च्या एका अभ्यासात दर तीन महिन्याला दोन वर्षं दिलं तर दुखणं नुसतं सलाइनचं पाणी टोचलेल्यांइतकंच राहिलं आणि गादी उलट जास्त झिजली.

व्यायामाला मात्र हलकं समजू नका. डेन्मार्कमधे गुडघा बदलायला लायक असलेले १०० जण घेतले, निम्म्यांचा बदलला आणि व्यायामही दिला, निम्म्यांना फक्त व्यायाम, आहार, बुटातल्या गाद्या, गोळ्या. वर्षभराने ऑपरेशनवाल्यांत शंभरी ८५ जणांना चांगला फरक होता, बाकीच्यांत ६७, पण गंभीर त्रासही ऑपरेशनवाल्यांनाच जास्त झाले, आणि बिगर-ऑपरेशनवाल्यांपैकी वर्षात साधारण चौथाई लोकांनीच गुडघा बदलून घेतला. म्हणजे बदलणं हे खरं औषध आहेच, पण बऱ्याच जणांचं त्याच्याविना निभतं.

मायला मॅडमनी बाजेवर पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबून दहा आकडे मोजायला लावले. पहिल्या दिवशी मांडी थरथर कापायची, चार आकड्यातच सोडून द्यायची. रोज सकाळ-संध्याकाळ केलं, भाकरी करायला ओटा, संडासात खुर्ची, जिना बंद, आणि वजन ७८ वरून ७१ वर आणलं, एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो म्हणतात. उजवा गुडघा त्यावरच आहे आजपर्यंत. डावा पाय धनुष्यासारखा वाकडा झाला होता, रात्री झोपेतून उठवायचा, तो शेवटी बदलला आणि त्याचा आम्हाला पस्तावा नाही, फक्त आता खाली मांडी घालून बसत नाही. पण सगळ्यांचंच असं होत नाही, शंभरातल्या दहा-वीस जणांना बदलल्यावरही दुखणं राहतं, हे ऑपरेशनच्या आधी कोणी नीट सांगत नाही.

पैशाचं म्हणाल तर सरकारने ऑगस्ट २०१७ मधे गुडघ्यात बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियम धातूचा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला, त्याआधी दीड लाखाच्या वर जायचा. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा, त्याचं स्टिकरही घ्या.

आणि आईंचा एक्सरे उभं करून काढलाय का झोपवून, तेवढं बघा, झोपवून काढला तर हाडांमधली खरी फट दिसत नाही. पाय वाकडा झालाय का, रात्री दुखण्याने जाग येते का, हे खाली लिहा, मग आम्ही डाव्या पायाचं कसं ठरवलं ते सविस्तर सांगतो.