घर-दुरुस्ती : तुमचे प्रश्न

प्रश्न : मागच्या दिवाळीला बेडरूम रंगवली, आता बाथरूमच्या बाजूच्या भिंतीचे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे निघतायत, हात लावला की पांढरी पावडर पडते. पेंटर म्हणतो परत पुट्टी मारून देतो. मारून घेऊ का?
— एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : ताई, आत्ता नका मारून घेऊ, पैसे पाण्यात जातील. ती पावडर म्हणजे लोणा. भिंतीत ओल शिरली की विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहून फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात, मग रंग कितीही भारीतला असू दे. एक पोपडा उलटा करून बघा. पुट्टीसकट निघाला आणि मागे दमट पीठ असेल तर ओलच. पातळ कोरडा पापुद्रा निघून खाली जुना चुना किंवा गुळगुळीत ऑइल पेंट दिसला तर मात्र घासकाम आणि प्रायमर राहिलाय.

ओल कुठून येते ते आधी शोधा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि आठवडाभर त्या बाथरूममध्ये अंघोळ बंद ठेवा. तरी डाग रेघेबाहेर गेला तर भिंतीतला पाइप गळत असणार, थांबला तर टाइल्सच्या फटी नाहीतर नाहणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा, पाणी वाहून जाण्याचा भाग) बघून घ्या. गळती थांबली की पोपडे गिलाव्यापर्यंत खरवडा, लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा, पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात. गिलावा ठोकून पोकळ वाजला तर तेवढा नवा करा. आणि मग भिंत पूर्ण सुकू द्या, दिवाळी आली म्हणून घाई नको, आमच्याकडे याच घाईत ओल्या भिंतीवर दोनदा रंग दिला गेला आणि दोन्ही वेळा पावसाळ्यात तो गळून पडला.

प्रश्न : वाड्यातल्या जुन्या दारांचा ऑइल पेंट सुटतोय, पॉलिश पेपरने घासू का? घरात दोन वर्षांचा नातू आहे.
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, कोरडं अजिबात घासू नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि काम संपेपर्यंत नातवाला त्या खोलीत येऊच देऊ नका.