जुनी डिझेल घेण्याआधी एवढं बघा

जुनी डिझेल कार घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. तुमची गाडी रोज चालणार बारा किलोमीटर, तीही शहरात. मग स्वस्तात मिळतेय म्हणून बीएस-४ (एप्रिल २०२० आधीच्या प्रदूषण-नियमांतली) डिझेल घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. मायलेज जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी, हे डिझेलचं कौतुक खरंच आहे. पण छातीत जातं ते वेगळंच. बीएस-४ डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, पेट्रोलला ८०. वर काजळी. तिचे कण इतके बारीक की थेट फुप्फुसात खोलवर उतरतात. घरात दम्याचं कुणी असेल तर विचारायलाच नको. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर सरळ कर्करोगकारक गटात टाकला.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलची गोष्ट निराळी. मर्यादा ८० वर आली, काजळी अडवायला डीपीएफ फिल्टर आला. मात्र तो फिल्टर साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून हायवेवर चांगली तापवावी लागते. सिग्नल-टू-सिग्नल चालवलीत तर फिल्टर तुंबल्याचा दिवा लागणार आणि खिसा रिकामा होणार. (काही जण फिल्टरच काढून टाकतात. तो उद्योग कृपया नको.)

पेट्रोलही धुतल्या तांदळासारखं नाही. थंड इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, तेव्हा बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. तरी तुमच्या वापराला पेट्रोलच घ्या. आणि पीयूसीच्या कागदावर जाऊ नका, गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काजळी लागते का बघा.