कोंबडी फुगून बसली तर

ताई, पिसं फुगवून बसलीय म्हणून लगेच गोळी कोंबू नका. आधी बाकीच्यांपासून लांब, सावलीत डालग्याखाली ठेवा. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर बहुतेक ऊन बाधलंय. गार पाणी द्या, जवळ ओलं पोतं टांगा.

सकाळी कण्या टाकण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. टणक लागली तर दाणे अडकलेत, दवाखान्यात न्या.

हिरवी पातळ शिट, मान पिळलेली, पाय लुळे? मग मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा संशय धरा. या रोगावर औषध नाही. लस निरोगी असतानाच द्यायची. माझ्या सात गेल्या तेव्हा कळलं. आणि शेजारीण कितीही म्हणाली तरी आजारी कोंबडी कापू नका.