आयन दिसतोय, पण रेषा लागत नाही? आधी चार्ज मोजा

"सहा आठवडे ४४१ नॅनोमीटरचा लेझर फिरवतोय, बेरिलियमच्या आयनांत आर्गॉन १३+ ची काळी पोकळी ठाम दिसते, पण रेषा काही लागत नाही," हे तुमचं वाक्य वाचलं (१३+ म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेला आयन, रेषा म्हणजे तो शोषतो तो नेमका रंग) आणि माझं वाया गेलेलं वर्ष डोळ्यांसमोर आलं.

कूलिंग (लेझरने आयन थंड करणं), क्वांटम लॉजिक (बेरिलियमकरवी आर्गॉनची अवस्था वाचणं) तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. एकच विचारते: आयन पकडल्यावर त्याचा चार्ज पुन्हा कधी मोजलात?

मी मोजला नव्हता. बेरिलियमच्या चमकत्या ठिपक्यांमधली ती पोकळी इथे आयन आहे एवढंच सांगते. तेरा की बारा, ते डोळ्यांना कळत नाही. निर्वातात उरल्यासुरल्या हायड्रोजनच्या रेणूशी गाठ पडली की आयन त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि १३+ चा १२+ होतो. पोकळी जराशी आकसते, बस्स. १२+ ला ही रेषाच नसते! नऊ आठवडे मी नसलेली रेषा शोधत होते.

इलेक्ट्रोडवर हलका रेडिओ सिग्नल देऊन वारंवारता फिरवा. आयनांच्या दोलनाशी जुळली की बेरिलियमचा ठिपका लांबट पसरतो. तेराचे बारा झाले की आर्गॉनच्या दोलनाची वारंवारता साधारण ४ टक्क्यांनी उतरते. दर स्कॅनच्या आधी आणि नंतर हे कराच.

बाहेरच्या चेंबरवरच्या निर्वात मोजणाऱ्या गेजवर विसंबू नका. आयन किती वेळ टिकतो, तेच खरं गेज. माझ्याकडे ट्रॅप थंड ठेवणाऱ्या कूलरची सर्व्हिसिंग थकली होती, आतलं तापमान चढून गोठलेला हायड्रोजन सुटत होता, आणि खरेदी विभागात फाईल पाच महिने पडून. "संशोधनाला कसली घाई?" असं मला तोंडावर ऐकवलं. अजून राग येतो.

आर्गॉन सोडून कॅलिफोर्नियमच्या आयनावर लगेच उडी मारू नका, असं माझं स्पष्ट मत. अल्फा (विद्युतचुंबकी बलाची ताकद सांगणारा स्थिरांक) काळानुसार बदलतो का हे पाहायला आर्गॉन फारसा कामाचा नाही, हे खरं: त्याची संवेदनशीलता २ च्या आसपास, यटर्बियमच्या ऑक्टुपोल नावाच्या रेषेची उणे ६, कॅलिफोर्नियम १५+ ची गणिताने ४७. पण जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय मापनसंस्थेत २०२२ मध्ये याच आर्गॉनचं घड्याळ २.२ × १०⁻¹⁷ अनिश्चिततेपर्यंत नेलं, ते हात बसवण्यासाठी उत्तम. कॅलिफोर्नियमची रेषा कुठे आहे ते निव्वळ गणितावरून ठरवायचं. तिथे चार्जचीही खात्री नसेल तर काय शोधणार?

माझा आयन धरून ठेवायचा ट्रॅप सरळ, रेखीय होता. तुमचा वेगळा असेल तर आकडे बदलतील. दोलनाचा आलेख इथे टाका, बघते.